फाल्गुनात मारलेली टेकडी

आमच्या गावामागची टेकडी किती उंच, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, माथ्यावर उभं राहून हात केला की नरडाण्याच्या स्टेशनातली गाडी थांबते. ड्रायव्हरला वाटतं कुणी लाल बावटा दाखवला. खरं विचाराल तर एक बिडी ओढेपर्यंत माणूस वर पोचतो, आणि थोटूक उरतं. पण त्या टेकडीचा मान तिच्या उंचीवर नाही, तिच्या अंजनांवर आहे. अंजन म्हणजे खडकातून उगवलेला दुसरा खडक. त्याचं लाकूड पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडतं. हे कुणीही करून बघावं. माझ्या आजोबांनी एका अंजनावर कुऱ्हाड घातली तर ती उडून शेजारच्या शिवारात पडली, आणि तिथल्या माणसाने ती आपलीच म्हणून दहा वर्षं वापरली. हे मात्र मी सांगतो म्हणून खरं धरायचं.

उन्हाळ्यात रानात काडी उरत नाही तेव्हा आमच्या शेळ्या अंजनाच्या पाल्यावर जगतात. टेकडीच्या पायथ्याला गावाची विहीर. पावसाचं पाणी त्या मुळ्यांत अडतं, खडकाच्या फटींतून झिरपतं आणि विहिरीत उतरतं. हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही, कारण आमच्यासमोर उदाहरण आहे. नाल्यापलीकडच्या गावाचीही अशीच टेकडी होती. तिची खडी झाली आणि रस्त्यावर पसरली. आता त्या गावात क्रशरच्या धुळीने कापूस बोंड फुटायच्या आधीच पांढरा होतो. भाकरी चावली की दात आधी वाजतात, मग भाकरी. त्यांची विहीर इतकी कोरडी पडली की बेडूकसुद्धा पोहायला विसरला. त्यातलं बेडकाचं तेवढं माझं.

तर ती टेकडी फोडणाऱ्या ठेकेदाराची नजर आमच्या टेकडीवर पडली. आम्ही त्याला शेठ म्हणायचो, तोंडावर. खडीच्या खदानीसाठी त्याने अर्ज केला: जागा पडीक, झाडं नाहीत, जवळपास पाण्याचा स्रोत नाही. गावाने हरकत घ्यायची ठरवली. आणि इथे गावाने मोठी चूक केली. अर्ज लिहायला मला बसवलं.

आता मी कमी कशाला लिहू? टेकडीवर दहा हजार झाडं आहेत, असं लिहिलं. बिबट्याची जोडी आहे, पिलांसकट. बारमाही झरा आहे. मोराचा उल्लेख राहिला तो केवळ कागद संपला म्हणून. पारावर वाचून दाखवला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या अक्काने वाजवल्या नाहीत.

अक्का म्हणजे गावातली सगळ्यात मोठी बाई, तीस शेळ्यांची मालकीण. नात्याने माझी चुलत चुलती, पण आख्खं गाव तिला अक्काच म्हणतं. पन्नास वर्षं रोज ती त्या टेकडीवर चढते आहे. तिने फक्त जागा विचारली, "भाऊ, बिबट्या कथा देखा तू? मना शेळ्या त बठ्ठ्या घर येतस." बठ्ठ्या म्हणजे तीसच्या तीस.

तहसीलातून पाहणीला मंडळ अधिकारी आले ते ऐन फाल्गुनात. नवे होते, घाटावरचे, सभ्य माणूस. फाल्गुनात अंजनावर एक पान नसतं. सगळी टेकडी म्हणजे आभाळाला टेकलेले खराटे. ठेकेदार त्यांच्या बाजूने चालत, एकेका झाडाकडे बोट दाखवत, "हे मेलेलं साहेब, हेही गेलेलं" असं म्हणत गेला. पंधरा दिवसांनी कागद आला. त्यातली ओळ मला अजून पाठ आहे: "तक्रारदाराने नमूद केलेली दहा हजार झाडे, बिबटे व झरा आढळून आले नाहीत. माथ्यावर वाळलेली खोडे आहेत. तक्रार अतिशयोक्त."

अतिशयोक्त! जन्मभर मला गावात ज्यासाठी चहा मिळाला, त्याच गोष्टीने टेकडीचं मरण सरकारी कागदावर चढलं.

अक्का दारात येऊन उभी राहिली. "तू टेकडी मारी टाकी रे भाऊ!" म्हणाली आणि माझा हात धरून मला वर घेऊन गेली. पहिल्याच अंजनाशी थांबून तिने अंगठ्याचं नख सालीवर ओढलं. करडी साल सुटली आणि खाली हिरवा ओला चट्टा दिसला. "हाई मरेल शे का?" दुसऱ्या झाडावर नख. "हाई?" तिसऱ्यावर. खाली उतरताना ती म्हणाली, "आते मी सांगसू, तू लिख. एक शब्द वाढवा त हात तोडसू."

तिने सांगितलं, मी लिहिलं: झाडं जिवंत आहेत. आत्ता पाला झडलेला आहे. पाला फुटल्यावर पुन्हा पाहावं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात छोटा कागद. लिहिताना मला घाम फुटला.

फेरपाहणी मंजूर झाली आणि तारीख पडली बरोबर आखाजीच्या दिवशी. साहेब घाटावरचे, त्यांना आखाजी म्हणजे कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. तारीख सुचवली होती ठेकेदाराने, आणि तो तर पक्का खानदेशी. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर तो उघड बोलला, "आखाजीले बठ्ठं गाव पत्त्यांवर ऱ्हास. टेकडीवर कोन येई?"

त्याचा हिशोब वाईट नव्हता. आखाजीला आमच्याकडचा पुरुष पत्त्यांना बसला की तीन दिवस उठत नाही. एका वर्षी डावात साप आला, आम्ही त्यालाही पानं वाटली. पण शेठने मोजले फक्त पुरुष. आखाजीला माहेरी लेकी येतात, हे तो विसरला. त्याच्या स्वतःच्या घरी दोन बहिणी आलेल्या असताना विसरला!

खानदेशात सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते आणि झोक्यावर बसते. ती झोक्यावर असताना तिला "उतर" म्हणायची बापाची छाती नाही, भावाची नाही, आणि नवरा असलाच तर त्याची तर नाहीच. झोके दरवर्षी गावातल्या निंबांना बांधतात. त्या वर्षी अक्का घरोघर फिरली. मुक्ताईनगरकडची लेक केळीचा अख्खा घड घेऊन आली होती, दीपनगरच्या कॉलनीतली तर एसटीतून उतरून अजून पाणीही प्यायली नव्हती. अक्काने सगळ्यांना एकच सांगितलं, "औंदा झोका टेकडीवर."

बाप कुरकुरले. एक जण म्हणाला, "अक्का, एवढ्या उन्हात पोरींनी वर चढायचं?"

त्याचीच लेक म्हणाली, "आबा, सासरी दोन हंडे घेऊन चढते मी. झोक्याला मोटेचा नाडा काढा."

आखाजीच्या आधीचे दोन दिवस लेकींनी टेकडी मोजली. झाड मोजलं की फांदीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे पुन्हा मोजलं जायला नको. मला सोबत घेतलं नाही, फक्त शेवटी आकडा सांगितला.

सणाच्या दिवशी साहेबांची जीप आली. आम्ही पुरुषांनी पत्ते काही सोडले नाहीत, फक्त चटया उचलून गाडीवाटेवर आणून टाकल्या. जीप थांबली. ठेकेदार खाली उतरून ओरडला, "अरे, उठा ना वाटेतून!"

"डाव अर्ध्यात आहे शेठ," आम्ही म्हणालो. "तुम्ही बसता का? एक गडी कमी पडतोय."

साहेब पायीच निघाले. आणि वर बघून थांबले. फाल्गुनातले खराटे गेले होते. टेकडी हिरवी होती, मधूनमधून तांबूस कोवळ्या पाल्याची, आणि फांद्याफांद्यांना झोके. साठ झोके तरी असतील. मी एरवी सहाशे सांगतो. प्रत्येकावर एकेक लेक, काहींच्या मांडीवर पोरं, आणि गाणी अशी की पलीकडच्या क्रशरचा आवाज ऐकू येईना.

ठेकेदार पहिल्या झोक्याशी गेला. "ताई, उतरा जरा. सरकारी मोजणी आहे."

"मोजा की," ती म्हणाली. "झोक्यासकट मोजा. बाजूला व्हा, लाथ लागेल."

"अहो, फांदी मोडेल! वाळलेलं झाड आहे ते."

"वाळलेलं? काल माझ्या आत्याबरोबर बसले होते. आत्या कशी आहे ते तुम्ही बघितलं नाही शेठ!"

सगळी टेकडी हसली. साहेबही हसले, मग तोंडावर रुमाल धरला. ठेकेदार माझ्याकडे वळला, "नाना, तुमच्या लेकींना आवरा."

"शेठ," मी म्हटलं, "आधी तुमच्या घरच्या दोघींना झोक्यावरून उतरवून या. मग माझ्याकडे या."

अक्काने साहेबांचा हात धरला, अगदी माझा धरला होता तसाच, आणि त्यांचं नख सालीवर ओढायला लावलं. त्यांनी पाच-सहा झाडांना ओढून बघितलं. नखाखाली हिरवं लागलेलं त्यांनी निरखून पाहिलं, वहीत लिहिलं आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "तक्रारदार तुम्हीच ना? एकूण झाडं किती?"

झोके थांबले. गाणी थांबली. माझ्या जिभेवर दहा हजार आले होते, खोटं का सांगू? पंधरा हजारही आले होते. समोर अक्का उभी होती.

"चारशे सात," मी म्हणालो. "त्यातली नऊ खरंच मेलेली आहेत."

साहेबांनी दुपार होईतो स्वतः मोजली. चिंध्या बघत, घामाघूम होत. भरली चारशे आठ. खडकाआड एक पोरींच्या नजरेतून सुटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कमी सांगितलं होतं, आणि त्याची एवढी शरम वाटली की सांगायची सोय नाही.

पंचनामा झाला. पंच म्हणून सह्या करायला लेकी पुढे आल्या तेव्हा ठेकेदाराने आडवा हात घातला. "साहेब, या बाया बाहेरगावच्या. पंच गावचेच लागतात."

दीपनगरची लेक झोक्यावरून स्वतः उतरली. कुणी सांगितलं म्हणून नाही. "शेठ, ह्या झाडाचा पाला मी शेळ्यांना घातलाय, ह्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलेय. आम्ही आठे, आमच्या माहेरात, काय पावण्या शेतस का?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि पेन तिच्या हातात दिलं. "सही करा. खाली सासरचा पत्ताही लिहा."

एक कागद संपला, दुसरा जोडला, मग तिसरा. शिरपूर, चोपडा, साक्री, यावल, मुक्ताईनगर. पत्ता लिहिता लिहिता एकजण सहज म्हणाली, "आमच्याही गावामागे टेकडी आहे. यंदा गेले की मोजते." मागची म्हणाली, "आमच्याकडे नदीची वाळू आहे. ती कशी मोजायची गं?" ठेकेदार त्या पत्त्यांकडे बघत होता. त्यातल्या बऱ्याच गावांत त्याचे अर्ज पडलेले असावेत, कारण त्याचा चेहरा खडीच्या धुळीसारखा झाला होता.

खदानीला परवानगी मिळाली नाही. आता ऐकतो, त्याने टेकडीच्या मागच्या अंगासाठी नवा अर्ज टाकला आहे. टाकू दे. ह्या खेपेला हरकतीचा अर्ज लेकी लिहिणार आहेत, मी फक्त खाली सही करायची आहे. मागच्या अंगाची मोजणी अक्काने कालपासून सुरू केली. चिंध्या कमी पडल्या म्हणून माझं नवंकोरं धोतर फाडलं, आणि मी एक शब्द बोललो नाही.