पुरते जागा

वाचनालयातल्या टेबलावर एक जाड पुस्तक आडवं ठेवायचं, उजवा तळहात वरून तिरका खाली आणायचा, पुस्तकावर टेकवायचा आणि कडेच्या दोन बोटं अलीकडे थांबवायचा. मग मान वर करून म्हणायचं, "पुरते जागा."

तुम्ही त्याला त्या वेळी पाहिलं असतं, तर तुम्हीही हातातलं काम ठेवून बघत बसला असता.

तो नामपूरचा. परीक्षांच्या अभ्यासासाठी नाशिकला खोली घेऊन राहिला होता आणि दिवसभर आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसायचा; मी तिथे ग्रंथपाल. बाक भरलेला असला की कडेला अर्धा टेकायचा आणि इतरांना म्हणायचा, "सरका थोडं, पुरते जागा." मुलं कुरकुरत सरकायची. जागा खरंच पुरायची.

पुढे तो नौदलात वैमानिक झाला. सुट्टीत आला की आधी माझ्या टेबलाशी यायचा. विमानवाहू जहाजावर विमान कसं उतरतं, हे त्याने मला तिथेच दाखवलं. डेकवर आडवी तार ताणलेली असते, विमानाच्या शेपटीखालचा आकडा तिच्यात अडकतो आणि विमान थांबतं.

"पुस्तक आहे ते, धावपट्टी नाही," मी म्हटलं.

"मॅडम, पुस्तक निदान हलत तरी नाही."

"आणि तार नाही सापडली तर?"

"तर परत वर जायचं. फिरून यायचं."

घरी मात्र त्याने सांगितलं होतं, की बोटीवर ऑफिसचं काम आहे. एकदा आईचे डोळे तपासायला तिला नाशिकला आणलं, तेव्हा दोघं वाचनालयात आली. आईने कांद्याची पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली आणि मागे त्याच्याकडे बोट करत विचारलं, "ताई, हाऊ बोटवर काय काम करस?"

तो तिच्या मागे उभा होता. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

"कागदपत्रं सांभाळतो," मी म्हटलं.

तिचा चेहरा सैल झाला. "चांगलं शे. तुमनासारखं."

बाहेर पडताना त्याने हळूच हात जोडले. मला तेव्हा हसू आलं होतं.

युद्ध नव्हतं. हवा स्वच्छ होती, समुद्र शांत होता. त्याचं विमान उतरलं, आकडा तारेत अडकला आणि तार तुटली. परत वर जायला वेग उरला नव्हता आणि थांबायला डेक. विमान कडेवरून समुद्रात गेलं. तो सापडला नाही.

दहाव्यानंतर मी नामपूरला गेले. सटाण्यापर्यंत बसमध्ये वाक्यं जुळवत होते. सटाण्याच्या पुढे ती सोडून दिली. घरात आई भिंतीला टेकून बसली होती. मला शेजारी बसवलं.

"ताई, तुमले माहीत व्हतं ना?"

"हो."

"मंग माले काबर नही सांगं?"

त्याने नजरेनेच गळ घातली होती, हे खरं. पण ते त्या घरात उच्चारणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती उठली, भिंतीशी उभा केलेला जेवायचा पाट आणला आणि आमच्या दोघींमध्ये ठेवला.

"तो कसा उतरे, माले दखाडा."

मी हात वर नेला, तिरका खाली आणला, पाटावर टेकवला. तार कुठे असते ते बोटाने दाखवलं. पाट पुस्तकापेक्षा फार मोठा नव्हता.

"इतलीच जागा?"

"एवढीच."

तिने पाटाच्या पलीकडच्या कडेशी आपला तळहात उभा धरला.

"परत दखाडा."

मी पुन्हा हात वर नेला. खाली आणला. या वेळी कडेपर्यंत गेला. तिच्या तळहाताला टेकला आणि थांबला.

"परत," ती म्हणाली.