थायमिन मोजलं होतंत का?

पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्यात मी रुजू झाले त्या सकाळी परचुरे सरांनी माझ्या पदवीविषयी काही विचारले नाही. काचेची एक नळी हातात देऊन म्हणाले, "ही धुऊन दाखवा." मी धुतली. प्रयोगशाळेतील जुने मदतनीस, रहाटणीहून सायकलीने येणारे कोंडिबा, शेजारी उभे होते. "बाई, आतनं ऱ्हायलीय," ते म्हणाले. सर म्हणाले, "महिनाभर यांच्याकडून शिका."

सरांच्या साठीनिमित्त त्यांच्या संशोधनावर इतर लिहितीलच. मी एका अहवालाविषयी लिहिते.

बुरशीतील डीएनए वेगळे काढून त्याचे चार घटक मोजायचे, हे माझे काम होते. डीएनएचे दोन धागे समोरासमोर असतात. एकावर अ‍ॅडेनिन असेल तिथे दुसऱ्यावर थायमिन. ग्वानिन असेल तिथे सायटोसिन. प्रत्येक जोडीत एक मोठा, एक लहान, त्यामुळे रुंदी सगळीकडे सारखी राहते आणि हायड्रोजनचे बंधही याच जोड्यांत नीट जुळतात. सरांनी हे कोंडिबांनाही समजावले होते.

"म्हंजी एक बाजू ठावं असली की दुसरी न बघताच सांगता येती?"

"येते."

"आमच्यात सोयरीक जुळवायला जोडे झिजत्यात, सर."

सर मनापासून हसले.

मी मात्र दुसरी बाजू खरोखरच पाहिली नाही. घटक वेगळे करायच्या गाळणकागदावर थायमिनचा डाग फिका उमटला होता आणि माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपायला आठवडा उरला होता. अ‍ॅडेनिनचाच आकडा मी थायमिनपुढे लिहिला. सरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ते अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आले. "दोन्ही आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत सारखे. थायमिन मोजलं होतंत का?"

"नाही, सर."

"मग आता मोजा."

ते बरेच कमी भरले. नमुन्यात आरएनए राहून गेले होते. त्यात अ‍ॅडेनिन असते, थायमिन नसते. ज्या नियमाने ही अशुद्धी पकडायची, त्याच नियमाने मी ती झाकली होती.

नोकरी गेली, असे धरूनच मी खुलासा लिहिला. सरांनी त्यातला एकही शब्द सौम्य केला नाही. फक्त खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'न तपासता सही केली, ही चूक माझी.' आणि कागद वर पाठवला.

माझी नेमणूक कायम झाली. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही आभार मानायचे टाळले. ते इथे मानते. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आमच्या अहवालांवर त्यांची कडक नजर अजून पुष्कळ वर्षे राहो.