शेलारच्या खोलीतलं टेबल

किस्से जपून ठेवावे लागत नाहीत. लूमखाली रुईचा कचरा साचतो तसे ते आपोआप साचतात. आमचे साचले शेलार गावात, दिनेश पाटलाच्या घरामागच्या रिकाम्या खोलीत.

आम्ही तिघं. मी साइझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात सुपरवायझर. सलीमभाई निजामपुऱ्यात कापडाचे लूम सांभाळायचे. दिनेशला सायबर कॅफेत परदेशातले फोटो दिसले. टेबलावर छोटं रणांगण, बोटाएवढे सैनिक आणि फासे टाकून लढाई. म्हणाला, "आपण आपला खाडीकाठ करू. मराठे विरुद्ध पोर्तुगीज." झालं, तिघंही लागलो नादाला.

घोर एकच. खोली दिनेशच्या वडिलांची, अण्णांची. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाड्याला पार्टी मिळंपर्यंत खेला. पार्टी आली का टेबल भायेर." आणि एवढं मोठं टेबल ठेवायला दुसरी जागा आमच्या सात पिढ्यांकडे नव्हती.

*

पहिला किल्ला थर्माकोलचा. दोन महिने ब्लेडनं कोरला. दिनेशला घाई फार. मी सांगत होतो, ब्रशनं रंगव बाबा. त्यानं मित्राच्या गॅरेजमधून स्प्रे आणला आणि मारला. थर्माकोल फसफसला आणि आमच्या डोळ्यांदेखत विरघळला. सलीमभाईंनी उरलेला अर्धा बुरूज उचलून पाहिला.

"अपने को दुश्मन की जरूरत ही क्या है," ते म्हणाले.

*

पुढची अक्कल माझी. डोंगरासाठी कारखान्यातली खळ आणली, जुन्या कापडावर थापली. वाळून दगडासारखी कडक झाली, मी खूश. आता खळ म्हणजे शेवटी पीठच. इतकी वर्षं त्या धंद्यात काढून हे माझ्या टाळक्यात आलं नाही. सोमवारी बघतो तर उंदरांनी डोंगर आरपार पोखरलेला.

दिनेश वाकून बघत म्हणाला, "असू दे. खिंड पायजेच होती."

*

सलीमभाई कापडातले धागे मोजायचं भिंग खिशात घेऊन फिरायचे. मी तटबंदीवर एकेक दगड रंगवला, आठवडा गेला. त्यांनी भिंग लावलं आणि शांतपणे मोजलं.

"इधर इंच में बाईस पत्थर, उधर अठरा. माल रिजेक्ट."

मला भयंकर राग आला. पण पुन्हा रंगवलं. बरोबरच होतं त्यांचं.

*

आमची लढाई लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर चालायची. लाइट गेली की लूम बंद, मग सलीमभाई रिकामे. खेळात किल्लेदार तेच. एकदा माझे मावळे तटावर चढले, एक फासा पडायचा बाकी. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरला. सलीमभाई उठले, चपला घातल्या.

"लाइट आ गई. किला बच गया."

*

अण्णा खोलीत कधी यायचे नाहीत. एका दुपारी आले. टेबलाभोवती एक फेरी मारली.

"खाडी चुकली रं. भरती हिकडनं येते."

दिनेश म्हणाला, "अण्णा, ही जुन्या काळातली हाय."

"मग? खाडी तीच हाय ना?"

त्यांनी टेबलावरच्या ओल्या मातीत बोटानं रेघ ओढली. "हा बांध, हिथं आमचा भात." त्या जागी आता गोडाऊनं उभी आहेत. जमीन अण्णांनीच विकली होती. आम्ही गुपचूप तिथं भाताचं शेत म्हणून हिरव्या टॉवेलचा तुकडा चिकटवला. मग अण्णा रोज यायला लागले. टॉवेलापाशी उभे राहायचे आणि जायचे.

आणि मग पार्टी आली. नारपोलीचा व्यापारी, सूत ठेवायला खोली हवी होती. खोली त्याला पसंत पडली. सलीमभाईंनी सैनिक उचलून खोक्यात भरायलाही घेतले. व्यापाऱ्यानं टेबलावर हात टेकला.

"चाचा, ये तो हटेगा ना?"

अण्णांनी त्याचा हात टॉवेलावरून बाजूला केला.

"वो मेरा खेत है. एक बार बेचा. अब नही बेचेंगा."