आंबेहळदीचा लेप

आंबेहळदीचा वास आला की मला लालबागची आमची चाळ आठवते. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, मी दहा वर्षांची असेन. शेजारच्या काकी मोर्चाला निघाल्या म्हणून काकांनी त्यांना पट्ट्याने मारलं. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू आलं. संध्याकाळी मोर्चाहून परतलेल्या बायकांना काकींचा सुजलेला हात दिसला. "पोलिसाची लाठी बसली," काकी म्हणाल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग त्यांना पाटावर बसवून खणानारळाने ओटी भरली. काका दारात उभे राहून ते कौतुक बघत होते. मी म्हटलं, "पण काकी तर घरातच होत्या!" आईने मला जोरात चिमटा काढला. "गप बस. एवढा मार खाल्लाय, एकदा तरी कौतुक होऊ दे तिचं," ती कुजबुजली आणि काकींसाठी सहाणेवर आंबेहळद उगाळायला बसली. पुढे राज्य मिळालं, चाळभर पेढे वाटले, काकींचा मार काही थांबला नाही. आईची ती सहाण आता माझ्याकडे आहे. काल लेक माहेरी आली, दंड काळानिळा. "बाथरूममध्ये घसरले," म्हणाली. "जपून चालावं गं," म्हणत मी उगाळायला बसले.