पॅट आँटीला नक्की काय हवं होतं?

पॅट आँटी आज सकाळी गेल्या.

त्या आमच्या घरात खोटं कारण सांगून शिरल्या होत्या. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मी लिहिणार.

माझी मोठी बहीण रुखसाना आपा इथे बहरीनमध्ये जनाबियाला राहते. तिचे मिस्टर मार्टिन, ब्रिटिश आर्मीतून रिटायर होऊन बहरीनला सिक्युरिटीच्या नोकरीत आलेले. निकाहाच्या वेळी मुसलमान झाले, नाव बदललं, पण रत्नागिरीपासून बहरीनपर्यंत सगळे त्यांना मार्टिन दुलाभाईच म्हणायचे.

दुलाभाई हार्ट अटॅकने गेले. खलास. मूलबाळ नाही. आपाचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर.

आणि चाळिसावा दिवस होतो न होतो तोच या बाई दारात. हातात केक.

"मी पॅट. ब्रिटिश सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणारी आमची संस्था आहे, तिची व्हॉलंटियर. पेन्शन, व्हिसा, सगळं आम्ही बघू."

"फी किती?" मी विचारलं.

"नो, डियर. फ्री."

फ्री! अहो, आमच्या गावात फुकट कोणी कढीलिंबसुद्धा देत नाही. त्या गेल्या गेल्या मी आपाला म्हटलं, "कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुझ्या डोक्यात मुरतंय," आपा म्हणाली.

पेन्शनचं काम झालं. व्हिसाचंही झालं. बाई तरी दर शुक्रवारी हजर!

आता काय हवंय? फ्लॅट? तो तर भाड्याचा. दुलाभाईंची मेडल्स? ती मी गुपचूप उचलून अरादला माझ्या घरी आणून ठेवली.

माझी लेक म्हणाली, "बाबा, शी इज जस्ट अ नाइस ओल्ड लेडी."

ईसा टाउनच्या शाळेत जाते ती. शाळेत माणसं ओळखायला शिकवत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी पकडली होती. विषय कुठलाही असो, बाई फिरून फिरून तिथेच यायच्या. सांदणाचा तुकडा मोडत, अगदी सहज विचारल्यासारखं: "मार्टिन आर्मीतलं काही सांगायचा का गं?"

आपा हसून विषय बदलायची.

मग एकदा मी आपाला त्या संस्थेच्या कॉफी मॉर्निंगला सोडायला गेलो. तिथल्या दुसऱ्या एक व्हॉलंटियर बाई मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या घराचं काम खरं तर माझ्याकडे होतं. पॅटने हट्टाने मागून घेतलं."

मागून घेतलं? का?

त्या शुक्रवारी भर जेवणात मी विचारलं. "आँटी, माझ्या बहिणीचं घर तुम्ही मागून का घेतलं?"

पॅट आँटींनी हातातला घास खाली ठेवला.

"डॅनी माझा मुलगा. इराकच्या लढाईत गेला. मार्टिन त्याचा सार्जंट होता."

आपाने वाढता वाढता हात थांबवला.

"आर्मीने कळवलं, तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंच नाही. सगळ्याच आयांना तसंच कळवतात. खरं काय ते मार्टिनला माहीत होतं. पण संस्थेच्या कार्यक्रमात मला बघितलं की तो हॉलमधून निघून जायचा. मग तोच गेला. मला वाटलं, बायकोला तरी बोलला असेल."

म्हणजे माझा संशय खरा होता! मदतीच्या नावाखाली चौकशी! माझं डोकंच फिरलं.

"यल्ला आँटी, उठा," मी म्हटलं.

"तू बस खाली," आपा मला म्हणाली.

मग तिने पॅट आँटींचा खरकटा हात तसाच हातात घेतला.

"मार्टिन मला बोलले होते. डॅनी एकटा नव्हता. मार्टिनच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. दुखत नव्हतं त्याला. म्हणाला, घरी गेलो की आधी आईच्या हातचा चहा पिणार. मग झोपला."

पॅट आँटी आपाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. गोरी बाई इतक्या मोठ्याने रडताना मी पहिल्यांदाच पाहिली. माझाही राग कुठल्या कुठे गेला.

पण संशय जाईना. आता आपाचा!

बहरीनला नवा होतो तेव्हा मी त्यांच्याकडेच राहायचो. दुलाभाई आर्मीचा 'आ' काढायचे नाहीत. टीव्हीवर लढाई लागली की उठून बाहेर जायचे.

किचनमध्ये जाऊन विचारलं, "आपा, खरं बोललीस?"

"नारळ संपलेत. उद्या घेऊन ये."

त्या दिवशी पॅट आँटींना घरी सोडायला मी गेलो. अर्ध्या रस्त्यात म्हणाल्या, "डॅनी चहा प्यायचाच नाही. लहानपणापासून. वास आला तरी तोंड फिरवायचा."

आमची आपा! गोरा म्हटला की चहा, एवढंच तिला ठाऊक.

"सॉरी, आँटी," मी कसाबसा म्हणालो.

"तिला सांगू नकोस. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"आणि शुक्रवारी सांदण करायला सांग."

त्या येत राहिल्या. आता विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी येत राहिल्या. मी सवयीने लक्ष ठेवून होतो. काही सापडलं नाही. पुढे त्या आजारी पडल्या तेव्हा आपाच हॉस्पिटलमध्ये बसून असायची.

आज बातमी आली तेव्हा मी आपाकडेच होतो. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मार्टिन मला एक शब्द बोलले नव्हते रे," ती म्हणाली. "मीच रचलं सगळं. आता वर तिला तिचा पोरगा भेटला असेल. खरं काय ते सांगेल तो. माझं खोटं उघडं पडेल. काय म्हणेल ती मला?"

आणि ती रडायला लागली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बोललो काही नाही. शब्द दिलाय ना!

आपा फेसबुकवर नाही. जनाबियातल्या कोणीही तिला हे वाचून दाखवू नका, हात जोडतो.

पॅट आँटी, खुदा हाफिज. डॅनीला आमचा सलाम सांगा.