बुटांना दिलेली नीळ

पांढरे लेदरचे स्नीकर्स कोणी नीळ घालून धुतलेत का? आमच्या घरी आज सकाळी धुतले गेले.

काल पुण्याहून वरठीला आईकडे आले, तेव्हा बूट चिखलाने माखले होते. सकाळी ओल्या फडक्याने पुसू, सावलीत वाळवू, असं ठरवून झोपले. उशिरा उठून पाहते तर बूट अंगणात भर उन्हात दोरीवर टांगलेले, लेदर कडक झालेलं आणि शिवणीत निळसर झाक!

"आई, बुटाले नीळ काहून देल्ली?"

"पांढऱ्याले नीळ लागतेच ना बाई. विहारात जाची साडी मी अशीच धुतो. तुले उद्या इथल्या नव्या नोकरीवर जाचं हाये. बूट कोरे दिसले पाह्यजे."

चिडणारच होते. मग दिसलं, बुटांच्या शेजारीच तिची ती पांढरी साडी वाळत होती. चपला दाराबाहेर काढायला लावणाऱ्या माझ्या आईने माझे बूट विहाराच्या साडीला लागून टांगले होते.

दुपारी वरची नीळ पुसून काढली. उद्या हेच घालून जाणार.

कडक झालेलं लेदर मऊ करायचा घरगुती उपाय असेल तर सांगा. शिवणीतली नीळ काढायचा मात्र नको.