कागदावरचं वजन

माझी मावशी बारा वर्षं दुसऱ्यांची चरबी धुते. कामाबद्दल विचारलं की ती हेच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघून हसते. शस्त्रक्रियेत पोटावरून काढलेली पिवळी चरबी बाटलीतून तिच्या प्रयोगशाळेत येते. ती धुवायची, गाळायची, तिच्यातल्या मूळ पेशी वेगळ्या काढायच्या आणि प्लास्टिकच्या चपट्या डब्यांत वाढवायच्या. या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यांचं हाड होऊ शकतं, पुन्हा चरबीही होऊ शकते.

बाटलीवर चारच गोष्टी असतात: क्रमांक, तारीख, वय आणि वजन. नाव नसतं. वजन कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"अगं, सगळं त्याच्यावर तर आहे," ती म्हणाली. "जाड माणसाच्या पेशी सावकाश वाढतात, लवकर दमतात. हाड व्हा म्हटलं की कां-कू करतात. चरबी व्हायला मात्र एका पायावर तयार!"

म्हणून तिच्याकडे नव्वद किलोंवर एक रेघ होती. तिनंच आपल्या नोंदी चाळून आखलेली. रेघेच्या वरच्या माणसाच्या पेशी एकाच डब्यात दाटीनं बसवायच्या, एकमेकींना टेकलेल्या. त्या विरळ पसरल्या तर खुंटतात. रेघेखालच्यांच्या चार डब्यांत पसरायच्या.

आईच्या नडगीचं मोडलेलं हाड वर्षभर जुळत नव्हतं. दोनदा सळई घालून झाली होती. शेवटचा उपाय म्हणून तिच्याच चरबीतल्या पेशी वाढवून त्या फटीत भरायचं ठरलं. नाही जमलं, तर जन्मभर कुबड्या. पायाला प्लास्टर असल्यानं तिला काट्यावर कुणी उभं केलं नाही. फॉर्म मी भरत होते.

वजनाच्या रकान्याशी आई थांबली. "अठ्ठ्याहत्तर लिही."

मी तिच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय? खरं लिहायला लग्न जमवायचंय का माझं? लिही."

मी लिहिलं.

आईची चरबी काढली आणि ती बाटली मावशीच्याच टेबलावर गेली. कुणाची, ते तिला ठाऊक नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वाचून तिनं पेशी चार डब्यांत पसरल्या. सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर अर्धा तळ उघडा. चार-पाच पेशी इथे, दोन तिथे. काही फुगून चपट्या झालेल्या. दमलेल्या पेशी अशाच दिसतात. दहाव्या दिवशी तळ भरला नाही, तर डबे फेकून द्यायचे, असा तिथला नियम.

तिनं बाटलीवरची तारीख पाहिली. आईची चरबी काढली तोच दिवस. वय पाहिलं. एकोणसाठ, आईचंच. मग प्रयोगशाळेला कुलूपसुद्धा न लावता ती आमच्याकडे आली. हातात वजनकाटा.

"ताई, ऊठ."

"हे काय नवीन? चहा तरी घे आधी."

"चहा नको. चढ."

"एका पायावर? पडले म्हणजे?"

"मी धरते. पोरी, तू काटा वाच."

आई कुबड्या सोडून चढली. मावशीनं तिला दंडाला धरलं होतं, पण तिचा भार हातावर येणार नाही असं. काटा थरथरत थांबला. अठ्ठ्याण्णव.

"दोन किलो तर प्लास्टरचेच असतील," आई म्हणाली.

मावशी हसली नाही. "शहाण्णव धर. अठरा किलोंचा फरक, ताई! अगं, लाज वाटली तर मला सांगायचं होतंस. मी त्यांना एकेकटं सोडलं. सहा दिवस."

आई हळूच खुर्चीत बसली. "मला वाटलं, वजनामुळे नाही म्हणतील. म्हणतील, हिच्या पेशी काय कामाच्या." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे पाहत होते.

त्याच दुपारी मावशी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांसमोर उभी राहिली. चार डब्यांतल्या पेशी सोडवून एका डब्यात बसवायची परवानगी तिला हवी होती, आणि वरच्या वजनाला मिळतात तसे चौदा दिवस.

"ही तुमची बहीण आहे, हे आत्ता कळलं तुम्हाला?"

"आत्ता कळलं."

"आणि लगेच नियम बदलायचा?"

"नियम तोच आहे, मॅडम. वजन चुकलंय."

डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "सोडवताना अर्ध्या मेल्या तर?"

"तर संपलं. तशाच ठेवल्या तरी संपलंच."

त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "करा. पण शेवटची मोजणी तुमच्या हातची नको. मास्तर मोजतील."

मास्तर म्हणजे मावशीचे सहकारी. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे.

पेशी तळापासून सुटाव्यात म्हणून त्यांच्यावर एक द्रव घालतात. कमी वेळ ठेवला तर सुटत नाहीत, जास्त ठेवला तर मरतात. नेहमी पाच मिनिटं. दमलेल्या पेशींना पाच मिनिटं सोसतील की नाही, याची नोंद मावशीच्या कुठल्याच वहीत नव्हती. तिनं तीन मिनिटांनी डबा उचलला, तळहातानं हलकेच थोपटला आणि उजेडाला धरला. द्रव गढूळ झाला होता. सुटल्या होत्या. जिवंत किती, ते त्या दिवशी कळणार नव्हतं.

पुढचे आठ दिवस ती फोनवर एकच शब्द बोलायची. "आहेत." आई पुढे विचारायची नाही. वाटीभर भात पानात तसाच ठेवून उठायची. मावशीला ते कळलं तेव्हा तिनं फोनवरच झापलं, "आता उपाशी राहून त्या बारीक व्हायच्यात का? जेव मुकाट्यानं."

चौदाव्या दिवशी मावशीनं मला बोलावून घेतलं. आत जायची परवानगी नव्हती. दारातल्या काचेशी आम्ही उभ्या राहिलो. आत मास्तर सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. उजव्या हातात मोजणीचं छोटं यंत्र. जिवंत पेशी दिसली की अंगठ्यानं कळ दाबायची, की टक असा आवाज. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, त्या सोडायच्या. काचपट्टीवर आखलेल्या चौकटीतल्या चारही घरांत मिळून दोनशे भरल्या, तर शस्त्रक्रिया होणार.

मावशीनं काचेकडे पाठ केली. डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

टक. टक. मग मोठा खंड. मी आत पाहिलं. मास्तर पुढच्या घराकडे सरकत होते. टक. टक टक. तिसऱ्या घरात इतका वेळ शांतता होती, की मावशीनं माझं मनगट पकडलं. मग पुन्हा सुरू झालं. सावकाश. एकेक.

"एकशे अठ्ठ्याण्णव," मावशी पुटपुटली.

टक.

टक.

भिंतीला घासत मावशी तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर पदर धरला. आत मास्तरांची मान अजून वर झाली नव्हती. त्यांचा अंगठा चालूच होता.